मऊ बटण

दुकानात नवराबायकोची चांगलीच जुंपली होती. हौशी रेडिओचा परवाना दोघांनाही मिळाला होता आणि आता हातात मावणारे दोन डिजिटल संच घ्यायचे होते. "अहो, हा स्वस्तातला नको. याचं दाबून बोलायचं बटण फार मऊ आहे," ती म्हणाली. "बटण काय चाटायचंय? बोलणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, आणखी काय हवं?" म्हणत त्याने तेच दोन घेतले.

पहिल्याच रविवारी ती रेडिओ मंडळाबरोबर टेकडीवर गेली. तिथे मोबाइल लागत नव्हता. "उतरायला लागले की बोलते," एवढं तिचं संचावर ऐकू आलं. त्याने संच मागच्या खिशात खोचला आणि खुर्चीत बसून कान टवकारले.

धुकं दाटलं, अंधारून आलं, तरी संचातून चकार शब्द नाही. दरीकडची ती निसरडी वाट त्याला आठवली. "तुझंच बरोबर होतं गं," तो रिकाम्या खोलीत पुटपुटला. "मीच कंजूष. तू फक्त सुखरूप ये. पुन्हा तुझ्याशी वाद घातला तर नाव बदलून ठेव माझं."

तेवढ्यात किल्लीने दार उघडलं. ती लंगडत आत आली. मागे अख्खं मंडळ, आणि प्रत्येकाच्या हातातल्या संचाच्या पडद्यावर त्याचंच नाव.

"आधी उठा बघू! तुम्ही बटणावर बसून वाहिनी अडवलीत आणि आम्हा सगळ्यांची तोंडं बंद. पण तुमचं बोलणं सगळ्यांनी ऐकलंय, आता शब्द फिरवायचा नाही!"