कबरी चालतात का?

"सर, गेल्या वर्षीच्या नकाशावर आजच्या जीपीएस मोजणीची टिंबं बसत नाहीत. प्रत्येक कबर वीतभर सरकलीय." कब्रस्तानाच्या कट्ट्यावर लॅपटॉप उघडून मृणाल फोनवर सांगत होती.

"कबरी चालतात का? यंत्र चुकलं असेल. टिंबं ओढून जुन्या जागी बसव आणि नकाशा पाठवून दे."

ती एकेक टिंब ओढू लागली आणि मध्येच थांबली. कातळावरच्या फाटकाचं टिंब जुन्या जागीच होतं, अगदी तंतोतंत. यंत्र चुकलं असतं तर तेही हललं असतं. सरकल्या होत्या त्या फक्त कबरी, डोंगरउताराच्या मातीतल्या. सगळ्या एकाच दिशेला, खाली.

खाली वाडीत चुलींचा धूर निघत होता.

ती उताराच्या वरच्या टोकाकडे धावली. तिथे राखणदार दाऊदचाचा वाकून जमिनीतल्या भेगेत माती लोटत होते.

"चाचा, ही भेग कधीची?"

"जुनीच आहे, बेटी. दरवर्षी पावसाआधी बुजवतो. एका घमेल्यात भरायची." त्यांनी हातातलं घमेलं उपडं केलं. "यंदा सकाळपासून माती ओततोय, भरतच नाही."