दुधाचे दात

पसंती झाली तर जेवणाला एक कापायचं, म्हणून शेवंताच्या वडिलांनी दारात दोन मेंढरं बांधून ठेवली होती. मुलगी बघायला आलेले नवरदेव आधी मेंढरंच बघायला बसले. शेवंता स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती.

नवरदेवांनी एकेका मेंढराचा खालचा ओठ ओढून दात तपासले. "हे कोवळं. अजून दुधाचेच दात आहेत. मटण गुलाबी निघणार, दोन उकळ्यांत शिजणार. आणि ही म्हातारी! काळपट मटण, पिवळी चरबी, उग्र वास. दिवसभर चुलीवर रटरटवा, वातड ते वातडच. असलं जून जनावर आम्ही दारातसुद्धा उभं करत नाही बुवा."

वडिलांनी भारावून मान डोलावली. एवढा पारखी जावई मिळायला भाग्य लागतं! मध्यस्थाने नवरदेवांचं वय तीस सांगितलं होतं, आणि कल्ल्यांवरून घामाबरोबर गालावर उतरणारा कलप त्याला दुजोरा देत होता.

पोहे झाले. नवरदेवांनी शेवंताला चालायला लावलं, केस सोडून दाखवायला लावले, वय दोनदा विचारलं. तिनं सगळं मुकाट्यानं केलं. मग मध्यस्थ मोठ्या मनानं म्हणाला, "तुलाही काही विचारायचं असेल तर विचार, बाई. लाजू नकोस."

शेवंता उठली, नवरदेवांसमोर जाऊन उभी राहिली आणि अदबीनं म्हणाली,

"विचारायचं काही नाही. जरा आ करा."