अजून किती हिवाळे?

"माताजी, ही गाडी अजून किती हिवाळे चालवणार?" गॅरेजवाल्या सरदारजींनी विचारलं. "एकच असेल, तर बर्फाचे टायर याच चाकांवर चढवतो. तीन-चार असतील, तर त्यांना वेगळी चाकंच घ्या. दरवर्षी टायर काढा-घालायची कटकट नको."

मी तोंड उघडायच्या आत माझा मुलगा पराग म्हणाला, "एकच. आई बहात्तरची झाली. एप्रिलमध्ये गाडी विकायचीच आहे."

विकायचीच आहे! मला कोणी विचारलं? याचे बाबा गेल्यावर, एकाहत्तराव्या वर्षी, मी इथे कॅनडात गाडी शिकले. परीक्षेत दोनदा नापास झाले, तरी तिसऱ्यांदा बसले आणि लायसन घेऊनच घरी आले. आता भाजी, देऊळ, डॉक्टर, सगळीकडे माझी मी जाते. आणि मागच्या जानेवारीत बर्फावरून घसरून खांबाला गाडी ठोकली कोणी? यानेच.

"वेगळी चाकं घाला," मी म्हटलं. "चारही."

"अगं आई, घरी जाऊन नीट विचार करू ना."

"तू कर. मी इथे बसते."

तासाभराने गाडी नव्या चाकांवर उभी राहिली. मी पर्समधून चार लिंबं काढली आणि वाकून एकेका चाकापुढे ठेवली.

पराग बघतच राहिला. "लिंबं कुठून आणलीस?"

"घरून. सकाळी निघतानाच पर्समध्ये टाकली होती. आता बस शेजारी, आणि पट्टा लाव."