दुपारचा सुरुंग

आजही उतरंड वाजली नाही.

मनकर्णा चुलीपुढून पुन्हा उठली आणि कोपऱ्यातल्या मडक्यांच्या उतरंडीला कान लावून आली. दोन कोसांवर, बडनेऱ्याच्या वाटेला, रेल्वेसाठी दगडाची खदान होती. तिथे रोज दुपारी सुरुंग उडायचा. घरात जमीन एकदाच ठोसा बसल्यासारखी हलायची आणि मडकी एकमेकांना लागून किणकिणायची. सुरुंगाची वात पेटवायला तिचा गोवर्धन होता. वात पेटवायची, पळायचं, धूळ बसली की सावलीत भाकर सोडायची, असा तिथला रिवाज. मडकी वाजली की मनकर्णा स्वतःशीच म्हणायची, "बसला लेक जेवाले." मग तिचाही घास खाली उतरायचा.

खुशालरावाने हे कधी ऐकलं नाही. निदान ऐकल्याचं दाखवलं नाही. दिवाळीपासून त्याने लेकाचं नाव काढलं नव्हतं. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढत होते आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. खुशालरावाने यंदा पेरणीला ज्वारीचं शेवटचं वावरही कापसाखाली घातलं होतं. दिवाळीला गोवर्धन म्हणाला, "मंग खाऊ काय, बोंडं?" बापाने हात उगारला. पोरगा त्याच पावली खदानीवर गेला. "मेला तो माह्यासाठी," बाप म्हणाला. बोललेलं परत घेणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं.

काल एक गाडीवान दारात पाणी प्यायला थांबला आणि सांगून गेला, खदानीत सुरुंग उलटला, एक जण दगडाखाली गेला, काम बंद पडलं. कोण गेला, ते त्याला ठाऊक नव्हतं. खुशालराव तेव्हा बैलाला चारा घालत होता. त्याने मान वर केली नाही. मनकर्णाने शेजारच्या जानरावाला आज ऊन चढल्यावर गुपचूप खदानीकडे धाडलं होतं. तो संध्याकाळपर्यंत यायचा होता. संध्याकाळ काही केल्या येत नव्हती.

तिला उगाच गयासुद्दीन आठवला. मागल्या महिन्यात कापूस बघायला आलेल्या कच्छी व्यापाऱ्यासोबतचा म्हातारा. खुशालराव व्यापाऱ्याला वावर दाखवायला गेला होता आणि हा ओसरीत पाणी पीत बसला होता. तेवढ्यात मडकी वाजली. म्हातारा लोटा टाकून अंगणात पळाला. मनकर्णाला हसू आवरेना.

"चाचा, सुरुंग हाये तो. माह्या लेकाचा."

म्हातारा ओशाळून परत आला. लहानपणी त्याने कच्छचा भूकंप पाहिला होता. घरं बसली, आणि रणात कोसच्या कोस जमीन वर उचलून बांधासारखी उभी राहिली.

"जमीन आतून तुटते, बाई. एक बाजू वर, एक खाली. तुटल्याचा हिसका मंग दूर दूर चालत येते."

"मंग सुरुंग कोणता अन् भूकंप कोणता, कसं वळखाव?"

"सुरुंग एकच ठोसा देते अन् गप बसते. भूकंप दोनदा येते. आधी बैलाचे घुंगरं वाजते, मागून गाडी येते, तसा. पयला हिसका हलका, मंग झोका. मडक्याकडं नोको पाहू. टांगलेलं पाह्य. आमच्या मशिदीतला दिवा लय वेळ झुलत होता."

ऊन कलायला लागलं. सारं गाव वेचणीला गेलं होतं. राखणीला गडी ठेवता आला असता, तरीही खुशालराव कापसाची राखण म्हणून घरीच थांबला होता. ओसरीतल्या ढिगात तो कमरेपर्यंत रुतून बसला होता.

"जेवता का जी?"

"भूक नाई."

"कालबी नवती."

"कापूस गेला पोटात. काहून डोकं खाऊन राह्यली?"

ती आत वळली. आणि उतरंड वाजली.

मनकर्णाने छातीवर हात धरला. "बसला..." एवढंच तोंडून निघालं. तोवर पायाखालची जमीन पुन्हा हलली. या खेपेला सावकाश, पाळण्यासारखी. गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. तिने वर पाहिलं. आढ्याला टांगलेलं दह्याचं शिंकं झुलत होतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

हा सुरुंग नव्हता.

"ऐकलं का व?" ओसरीतून हाक आली. कापसाच्या ढिगात बसलेल्याला मडक्यांचा आवाज तेवढा पोचला होता. झोका सगळा कापसाने पिऊन टाकला होता. खुशालराव धडपडत उठला. अंगाला, मिशीला कापूस तसाच. दिवाळीपासून न पाहिलेलं हसू त्याच्या तोंडावर होतं.

"बसला गोवर्धन जेवाले," तो म्हणाला. "वाढ आता मलेबी."

मडकी वाजल्यावाचून या माणसाने दिवाळीपासून एकदाही ताट मागितलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

तो उंबरा ओलांडून आत येत होता. जानराव यायला अजून वेळ होता.

"या," मनकर्णा म्हणाली. तिने एका हाताने झुलणारं शिंकं घट्ट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने ताटात भाकर वाढली.