घरातलं मतदान

"आपल्या घरात लोकशाही आहे," असं राज्यशास्त्र शिकवणारे बाबा सगळ्यांना सांगायचे. त्यामुळे आईने प्रयोगशाळेतली नोकरी धरावी का, यावर जेवतानाच मतदान झालं. 'नको' म्हणून आजी, बाबा, काका आणि दादा यांचे हात वर गेले. आई वाढत राहिली.

"बाबा, नुसती लोकशाही आणि घटनात्मक लोकशाही यांत फरक काय?" मी विचारलं.

बाबा खुलले. हात वरच ठेवून म्हणाले, "नुसत्या लोकशाहीत बहुमत म्हणेल ते. घटनात्मक लोकशाहीत राज्यघटनेने दिलेले हक्क बहुमतालाही काढून घेता येत नाहीत. त्यांवर मतदानच होत नाही."

"मग आईच्या नोकरीवर कसं झालं?"

बाबांनी आजीकडे पाहिलं.

"हात खाली घेऊ नका रे," आजी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "हिच्या कॉलेजचंही आत्ताच उरकून टाकू."