कारणाचा रकाना

"हे वाक्य कशावरून लिहिलंत, काका?" मार्गदर्शक मुलीने पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवलं.

विद्यापीठाच्या लेखन साहाय्य केंद्रात प्रत्येकाला अर्धा तास मिळतो. त्यातली पाच मिनिटं चष्मा शोधण्यात गेली होती. पंचवीस वर्षं कारखान्यात काढलेला हा बावन्न वर्षांचा सुपरवायझर आपल्या लेकीच्या वयाच्या मुलीसमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. सुरक्षा अधिकारी व्हायचं तर पदवी हवी, आणि पदवी या एका निबंधापाशी अडली होती. दोनदा नापास झाला होता. ही शेवटची संधी.

वाक्य असं होतं: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे तो प्रेस मशीनमध्ये सापडला व जागीच मृत्यू पावला.'

"अहवालात आहे की," तो म्हणाला. "मागे जोडलाय."

तिने पान उलटलं. अपघाताच्या अहवालाची झेरॉक्स. नाव, वेळ, मशीनचा नंबर, सगळं हाताने भरलेलं. कारणाच्या रकान्यात मात्र शिक्का होता, जरा तिरका उमटलेला: 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

"कारणाचा शिक्का?"

"मीच बनवून घेतला. दर वेळी तेच तेच लिहीत कोण बसणार?" तो हसायला गेला. ती हसली नाही, तेव्हा त्यानेही आवरतं घेतलं.

"शिक्का पुरावा म्हणून चालणार नाही. परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील. तुम्ही तिथे होतात ना? काय झालं होतं?"

हे त्याला कारखान्यात कुणी विचारलं नव्हतं. घरीही नाही. म्हणूनच असेल, उत्तर सरळ बाहेर पडलं.

"प्रेसपुढची जाळी काढलेली होती. जाळी असली की माणूस आत जात नाही, पण माल हळू निघतो. त्या दिवशी गाड्या दारात उभ्या होत्या."

"कुणी काढायला लावली?"

"मी."

मुलीने त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग म्हणाली, "हेच लिहा ना. एकच परिच्छेद बदलायचाय."

"टाईप माझी बहीण करते. मी सांगतो, ती टाईप करते. मला जमत नाही ते."

"मग त्यांना सांगा. दहा मिनिटांचं काम आहे."

"तो तिचा नवरा होता, मॅडम."

मुलीने ते वाक्य पुन्हा पाहिलं. टायपिंगची एकही चूक नव्हती.

"टाईप करताना थांबलीसुद्धा नाही," तो म्हणाला. "एवढंच म्हणाली, 'त्यांना पहिल्यापासून घाईच फार, दादा.' चार वर्षं झाली, माझ्याच घरी असते. रोज दोष देते त्याला."

त्याला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. घरी जाऊन बहिणीसमोर बसायचं आणि तिच्याच बोटांनी ते खरं लिहून घ्यायचं, हे त्याच्याच्याने झालं नसतं.

"काका, हे वाक्य असंच ठेवलंत तर तुम्ही नापास व्हाल," मुलगी हळूच म्हणाली. "मला यात काहीच करता येणार नाही."

दाराशी पुढचा विद्यार्थी येऊन उभा राहिला. सुपरवायझरने घाईघाईने आपली फाईल उघडली, कागद चाळले आणि त्याच शिक्क्याचा आणखी एक अहवाल काढून तिच्यापुढे सरकवला.

"हा अपघात घेतला तर?"

"इथे खरं काय झालं होतं?"

"शिडीची पायरी मोडकी होती. दोन महिने मला माहीत होतं. पोरगा वरून पडला, गेला." बोलता बोलता त्याचा आवाज मोकळा झाला. "हे लिहीन मी. नावानिशी, सगळं लिहीन. यातला माणूस परका आहे."