मॅबरी की नीस

तीच चाल गस हालुस्काने व्हिडिओवर पुन्हा लावली. पडद्यावर ट्रेवन मॅबरीच्या हातात चेंडू आला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि चेंडू छातीशी धरून तो नुसताच उभा राहिला. त्याचा जोडीदार तिकडे मोकळ्या मैदानात हात वर करून धावत होता. मग दोन धिप्पाड माणसांनी मॅबरीला लोळवलं. हालुस्काने कपाळाला हात लावला.

तीन वाजून गेले होते. चार वाजता सगळ्या लीगमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होणार होती. टेक्सासच्या एका अमेरिकन फुटबॉल संघाला हालुस्काच्या टोलेडो संघातला एक तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल खेळवणारा गडी, हवा होता. मॅबरी किंवा नीस, कुणीही चालेल, असं त्यांनी कळवलं होतं. कोण जाणार हे हालुस्काने ठरवायचं होतं, कारण मुख्य कोच तो होता.

दोघंही यंदाच कॉलेजातून आलेले. मिसिसिपीच्या मॅबरीला हालुस्काने स्वतः हेरलं होतं आणि मालकाशी भांडून संघात घेतलं होतं. नेब्रास्काचा कोल्टर नीस उरल्यासुरल्यांतून उचललेला. त्याचं नाव लक्षात राहायलाच हालुस्काला बरेच दिवस लागले. हंगामाची सुरुवात मॅबरीने केली आणि ती अशी केली, की टोलेडोच्या रेडिओवर लोक फोन करकरून त्याच्या नावाने खडे फोडू लागले. मग नीसला उतरवलं. नीसने काही दिवे लावले नाहीत, पण सांगितलेलं काम तो करायचा आणि संघ जिंकायचा. तुलना एवढीच असती तर शेंबड्या पोरानेही निकाल दिला असता.

घोळ घातला होता तो शेवटच्या दोन मिनिटांनी. मॅबरीच्या प्रत्येक सामन्याची शेवटची दोन मिनिटं हालुस्काने एकापाठोपाठ एक पाहिली. घड्याळ पळत असतं, सगळं स्टेडियम बोंबलत असतं, भलेभले तिथे गळपटतात. मॅबरी मात्र तिथेच खुलायचा. बघितलं की फेकायचा, आणि चेंडू नेमका पळणाऱ्याच्या हातात. पोरगा तोच, हात तेच, जोडीदारही तेच. मग सामन्याच्या सुरुवातीला कुठला मॅबरी खेळत होता? हालुस्काचं डोकं पार चक्रावलं होतं. दोघांची तुलना करायला बसलेला हा माणूस मघापासून एकट्या मॅबरीलाच पाहत होता.

संघाची मॅनेजर डायना प्रुएट दारातून डोकावली. हातातल्या फोनवर तिने तळवा दाबून धरला होता.

“गस, टेक्सासवाले खोळंबलेत. कोण जाणार?”

“मॅबरीला पाठव माझ्याकडे.”

“म्हणजे मॅबरी जाणार?”

“म्हणजे मॅबरीला माझ्याकडे पाठव. एवढंच.”

मॅबरी आला तो टोपी हातात घेऊनच. कशाला बोलावलंय ते त्याला कळलं होतं. त्याचा तो उतरलेला चेहरा पाहून हालुस्काचा जीव तुटला.

“बस. एक सांग मला. शेवटच्या दोन मिनिटांत तुझ्या अंगात काय संचारतं?”

“काही नाही, सर.”

“मग त्याआधी काय धाड भरते?”

मॅबरीने टोपी गुडघ्यावर ठेवली. “राहू द्या ना, सर.”

“अरे, तासाभरात तुझं बोचकं बांधतील! आता तरी बोल.”

“शेवटी घाई असते, सर. मैदानाबाहेरून चाल सांगायला कुणाला वेळ नसतो. ती मीच ठरवतो. तेव्हा माझ्या हेल्मेटमध्ये तुमचा आवाज नसतो.”

प्रत्येक चालीआधी कोचमंडळी रेडिओवरून क्वार्टरबॅकच्या कानात बोलतात. साऱ्या लीगमध्ये हेच चालतं.

“नीसशीही मीच बोलतो की!”

“नीसला तुम्ही चालीचं नाव सांगता आणि थांबता. बाकावर असतो तेव्हा माझ्याही कानाला हेडफोन असतो, ऐकतो मी. मला मात्र पाय कुठे ठेव, खांदा कसा वळव, मागच्या वेळी काय चुकलं... नियमाप्रमाणे रेडिओ आपोआप बंद होईपर्यंत तुमचं चालूच. परवा तर आईला फोन केलास का, असं विचारलंत. चेंडू हातात येतो तेव्हा मी अजून मनात तुमचंच ऐकत असतो, सर.” तो कसनुसा हसला. “नीसचं बरंय. तो तुमचा लाडका नाही.”

हालुस्काला आधी राग आला. मग लाज वाटली. आणि मग इतकं हलकं वाटलं, की तो खुर्चीतून उठलाच. पोरात काही खोट नव्हती!

“ठरलं तर! रविवारी तूच खेळायचंस. मी फक्त चालीचं नाव सांगेन, पुढे एक अक्षर नाही. तू तेवढा डावा पाय जरा मागे ठेव, घाईत खांदा आधीच उघडतोस तू. आणि नजर खाली नको. आणि जेवतोस की नाही नीट? किती उतरलायस, आणि—”

तो थांबला. मॅबरी मान डोलावत “हो सर, हो सर” करत होता. बसल्या बसल्या त्याने डावा पाय मागे घेतला होता.

हालुस्का त्या पायाकडे पाहत राहिला. मग त्याने पडदा बंद केला, पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दार उघडून डायनाला हाक मारली.

“मॅबरीला पाठव टेक्सासला.”

मॅबरी उठला. त्याने हालुस्काचा हात हातात घेतला आणि टोपी घालून तो निघाला. तो गेल्यावर डायनाने फोनवर दोन शब्दांत व्यवहार उरकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

“चला. म्हणजे शेवटी नीसच सरस निघाला.”

“छे,” हालुस्का म्हणाला. “सरस मॅबरीच आहे. पण नीसपुढे मला गप्प बसता येतं.”